थांबायचा शब्द

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. मी नऊ मीटर काळं कापड आणायला बाजारात गेले होते. जाड, उजेडाला दाद न देणारं, रंगमंचाच्या दोन्ही अंगांना टांगतात तसलं. दुकानदाराने विचारलं, "एवढं काळं कशाला, बाई?" मी म्हटलं, "घरात अंधार करायचाय." तो हसला, मीही हसले. दिवा जरा तुमच्याकडे ओढा, म्हणजे मला तुम्हा दोघांचे चेहरे दिसतील. नवराबायकोने घरच्या घरी असा नाटकाचा खेळ कसा बसवायचा, हे विचारायला तुम्ही माझ्याकडे आलात. योग्य माणसाकडे आलात. माझ्याइतकं चोख ते कुणी बसवून देणार नाही. पण आधी आमच्या खेळाचं ऐका, मग तुमचा ठरवू.

मी एकोणीस वर्षं एका नाटक कंपनीत पडद्यामागे होते. कोण कुठून येणार, कोण कुठून जाणार, कुठल्या शब्दाला दिवा मंद होणार, सगळं माझ्या वहीत. वहीत नसलेली टाचणीसुद्धा रंगमंचावर पडायची नाही. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा काम सोडलं. आमचे हे दातांच्या कवळ्या करतात. दिवसभर लोकांच्या तोंडात बोलणं परत बसवायचं आणि घरी येऊन स्वतःचं तोंड मिटून घ्यायचं, असा ह्यांचा खाक्या. लेक घरात होती तोवर ते खुपत नव्हतं, कारण ती तिघांच्या वाट्याचं एकटी बोलायची. ती शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि घर एकदम गप्प झालं. "सिलिंडर सांगितला का?" "सांगितला." "किल्ली घेतली का?" "घेतली." बावीस वर्षांचा संसार आणि दिवसाला चार वाक्यं! भांडण असतं तर मी ते मिटवलं असतं. हा माणूस रागावलेला नव्हता. तो नुसता रोज थोडाथोडा लांब चालला होता, आणि मला तो परत हवा होता. लाज कसली सांगायला? माझाच नवरा, मलाच हवा होता.

मी विचार केला, एकोणीस वर्षं मी परक्या माणसांना तिसऱ्या घंटेच्या ठोक्याला एकमेकांच्या प्रेमात पाडलं. घरचा एक माणूस मला जमू नये?

"अहो, रविवारी चार ते सहा मोकळे आहात?"

"का? कुठे जायचंय?"

"कुठे नाही, घरातच. तुम्ही अनोळखी पाहुणे व्हायचं आणि मी अनोळखी बाई."

ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ह्या वयात?"

"ह्या वयातच. तरुणपणी कुठे लागतं असलं काही?"

हे हसले नाहीत, पण चष्मा पुसत म्हणाले, "संवाद पाठ करायला सांगू नकोस म्हणजे झालं." तेवढं मला पुरेसं होतं.

गोष्ट मी तीन आठवडे घोटली. आडवाटेचं एक विश्रामगृह. मी ते चालवते. एका प्रवाशाची बस बंद पडते आणि तो आसरा मागायला येतो. आतल्या खोलीत मालक झोपलेले आहेत. ते जागे व्हायच्या आत प्रवाशाने मला आपल्याबरोबर निघायला राजी करायचं. खेळ चालू आहे तोवर एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचं. मालक कशाला, असं हे विचारत होते. अहो, दोघांच्या खेळात एक तिसरा लागतोच. तो दिसता कामा नये, पण आहे असं वाटलं पाहिजे. माणसांना कुजबुजायला कारण हवं ना? बंद दाराआड कुणी तरी आहे म्हटलं, की दोघं आपोआप जवळ सरकतात.

आतली खोली म्हणजे लेकीची. तिथे एक खुर्ची होती, एक पाय ढिला झालेली. मी त्या पायाला नायलॉनची बारीक दोरी बांधली, ती दाराच्या फटीतून बाहेर काढली आणि दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. अंगठा वाकवला की आत खुर्ची कुरकुरायची. नाटकातली जुनी युक्ती. ह्यांना त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं, नाहीतर मजा काय राहिली?

एक गोष्ट मात्र ह्यांनी अगदी मुद्द्याची विचारली. "आणि मध्येच नको वाटलं तर?"

"एक शब्द ठरवू. तो म्हटला की खेळ त्या क्षणी बंद. मग कुणी कुरकुर करायची नाही."

"कुठला शब्द?"

"लोक म्हणतात, ज्याचा गोष्टीशी संबंध नाही असा भलताच शब्द ठेवावा. छत्री म्हणा, भोपळा म्हणा. पण घाबरलेल्या माणसाला छत्री आठवते का? आपला शब्द 'थांबा'."

तालमीत माझा शब्द तोच होता. मी 'थांबा' म्हटलं की नट उचललेला पायसुद्धा खाली टेकवत नसे. तो शब्द मी वहीत लाल शाईने लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्या वहीतली ती पहिली चूक, पण तेव्हा ती मला चूक वाटली नाही.

रविवारी साडेतीनला सगळ्या खिडक्यांवर काळं कापड चढवलं. बाहेर टळटळीत ऊन, पोरं सायकली फिरवत होती आणि घरात तीन पावलांपलीकडचं दिसेना. एक छोटा दिवा ठेवला होता, त्याच्यावरही जुनी ओढणी टाकली. नव्या कापडाच्या खळीचा वास कोंडून बसला होता. बाहेरचे आवाज कापडातून गाळून येत होते, लांब कुठे तरी घडल्यासारखे. मी खुर्चीत बसले, आतल्या खोलीचं दार माझ्या डाव्या हाताला. चार वाजता हे बाहेरून आले. हातात पिशवी, आणि अंगात मी कधी न पाहिलेला शर्ट. ह्यांनी शर्ट विकत आणला होता! माझ्यासाठी, ह्या खेळासाठी! मला तिथेच भरून आलं होतं, पण मी भूमिका सोडली नाही.

"आमची बस बंद पडली," हे म्हणाले. "थोडा वेळ बसायची सोय होईल का?"

"हळू बोला... मालक झोपलेत."

"रागीट आहेत का?"

"ठाऊक नाही. मी त्यांना कधी पाहिलं नाही."

हे वाक्य वहीत नव्हतं. ते माझ्या तोंडून कसं गेलं, कोण जाणे. ह्यांना मात्र ते आवडलं. हे दाराकडे बघत, चोरपावलांनी येऊन माझ्यासमोर बसले.

"तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

बावीस वर्षांत ह्यांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं. नव्याने ओळख होत असल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "बावीस."

"एकट्याच?"

"हल्ली... एकटीच."

ह्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही." ते वाक्य प्रवाशाचं होतं की ह्यांचं स्वतःचं, मी विचारलं नाही. मला रडू येत होतं आणि हसूही. मी अंगठा वाकवला. आत खुर्ची कुरकुरली. हे दचकून पुढे सरकले, आमचे गुडघे एकमेकांना लागले.

"जागे झाले?" ह्यांनी कुजबुजत विचारलं.

"कूस बदलली असेल. झोप सावध आहे त्यांची."

"मग निघू या ना... आत्ताच."

तेवढ्यात खुर्ची पुन्हा कुरकुरली. मी अंगठा हलवला नव्हता. ढिला पाय आहे, सावकाश बसला असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग जमिनीवर काही तरी घासलं. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा. माणूस पायानेच चपला चाचपतो ना, तसा आवाज. ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "हे फार छान जमवलंय तुम्ही."

"मी?" मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्हीच..."

ह्यांची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. दाराखालून वास येत होता. एकाच उशीवर बरेच दिवस एकच डोकं टेकलं की उशीला येतो, तसा. लेकीची खोली सहा महिने रिकामी होती, आणि तिथल्या चादरी मी परवाच धुतल्या होत्या.

आणि मग माझ्या अंगठ्याची दोरी ताठ झाली. हिसका नाही, धसमुसळेपणा नाही. सावकाश, दमादमाने, ही दोरी कुठवर जाते ते बघावं तशी कुणी तरी ती आतून गुंडाळत होतं. माझा पाय जमिनीवरून दाराच्या दिशेने बोटभर सरकला. माझी पाचावर धारण बसली. मी तालमीतल्या आवाजात, घर दणाणेल अशी ओरडले, "थांबा!"

ह्यांनी माझं मनगट सोडलं. दोरी सैल पडली. आतला आवाज बंद झाला. सगळे थांबले.

आम्ही कापडं ओरबाडून काढली, उजेड आत घेतला आणि खोली उघडली. कुणी नव्हतं. खिडकीला गज, आणि खोलीला दार एकच, ज्याच्यासमोर आम्ही बसलो होतो. खुर्ची मात्र भिंतीकडून वळून दाराकडे तोंड करून होती. खुर्चीच्या पायाला मारलेली दोरीची गाठ सुटलेली होती. माझी गाठ सुटत नाही. एकोणीस वर्षं माझ्या गाठींवर अख्खे महाल टांगलेले असायचे.

त्यानंतरचे आठ दिवस कसे गेले सांगू? चांगले गेले. हसू नका, खरंच चांगले गेले. रोज चारला नेमाने, आणि कधी कधी त्याआधीही, आत खुर्ची कुरकुरायची. बाकी त्रास काही नाही. पण हे सातला यायचे ते साडेतीनला घरी यायला लागले. दुपारी कामावरून फोन करायचे. "आज उठले का?" "एकदा. मग पुन्हा शांत." "तू तिकडे जाऊ नकोस. मी आलोच." आम्ही स्वयंपाकघरात एकमेकांना खेटून बसून कुजबुजायचो. मालकांवरून गाडी लहानपणावर जायची, ह्यांच्या वडिलांवर जायची, ह्यांना लग्नाआधी माझी कशी भीती वाटायची इथवर जायची. मी भ्यायलेली होते आणि सुखात होते. दोन्ही एकदम.

मग नणंद आली. बसली, बोलली, आणि निघायला उठली. मी नेहमीसारखं म्हणायला गेले, "थांबा ना वन्सं, चहा घेऊनच..." आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"काय झालं, वहिनी? चेहरा का असा पांढराफटक पडला?"

"काही नाही," मी म्हटलं. ती गेल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले.

"अहो, आपण त्यांना 'थांबा' म्हटलं."

"मग? थांबले की ते लगेच."

"थांबले म्हणजे राहिले हो. पाहुण्याला आपण काय म्हणतो? थांबा. मी त्यांना राहायला सांगितलंय. इतक्या मोठ्याने, इतक्या आग्रहाने सांगितलंय."

ह्यांनी हातातला पेला खाली ठेवला. लेकीला सुट्टी लागायला पाच दिवस उरले होते. ती येणार, त्या खोलीत झोपणार. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्या मनात तेच आलं, मालकांना त्याआधी घालवायला हवं. तुम्ही तुमचा शब्द छत्रीच ठेवा, काय?

"त्यांना सरळ 'जा' म्हणू," हे म्हणाले.

"असं कसं म्हणणार? आपणच ठेवून घेतलेला माणूस. तसा अपमान केला तर जायचे ते जाणार नाहीत. रंगमंचावर आलेल्याला रीतसर बाहेर काढावं लागतं. माझ्यावर सोडा."

माझा माझ्यावर पुरता भरवसा होता. खरं सांगू? एक दुसरी भीतीही होती. मालक गेले की हे पुन्हा सातला येतील, पुन्हा सिलिंडर आणि किल्ली. पण लेकीपुढे दुसरं काही नाही. मी वहीत चार ओळी लिहिल्या. बुधवारी ह्यांनी अर्धी रजा घेतली. चारला आम्ही त्या बंद दारासमोर दोन खुर्च्या मांडून बसलो, हातात हात घेऊन. ह्या वेळी खिडक्या सताड उघड्या होत्या, पण दारासमोरचा तेवढा भाग मला काळवंडलेला वाटत होता. खुर्ची कुरकुरली. मी डोळे मिटले, कारण डोळे मिटले की माझा आवाज कापत नाही, आणि म्हणाले,

"खेळ संपला. तुम्ही सांभाळून घेतलंत, आभारी आहोत. आमची लेक यायची आहे, खोली लागेल. तेव्हा... बरं, या आता."

शब्द तोंडातून सुटला आणि मला तो ऐकू आला. या. निरोप देताना आपण हेच म्हणतो. आणि घरात बोलावतानाही हेच.

आतून उत्तर आलं. म्हाताऱ्या, सभ्य माणसाचा आवाज, किंचित बसलेला. "येतो."

मी डोळे उघडले नाहीत. निघणारा माणूस 'येतो' म्हणतो, येणाराही 'येतो' म्हणतो, आणि खोलीला दार ते एकच. ह्यांचा हात मात्र माझ्या हातात होता, गरम, घट्ट. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग हे म्हणाले, "झालं. उघड डोळे." आवाज अगदी साधा होता. समोर दार बंद. ह्यांनी उठून ते उघडलं. खोलीत ऊन पडलं होतं आणि वास गेला होता. माझा जीव भांड्यात पडला. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

लेक आली, त्याच खोलीत झोपली. सकाळी आळस देत म्हणाली, "काय छान झोप लागते गं इथे." तीन दिवसांनी म्हणाली, "आई, तुम्ही दोघं हल्ली किती बोलता! बाबा तर तुझी पाठच सोडत नाहीत. स्वयंपाकघरात तू, स्वयंपाकघरात ते." मी फुशारून गेले. हे पुन्हा सातला यायला लागले नव्हते. मालक गेले तरी माझा नवरा माझ्याकडे राहिला होता. म्हणून तुम्हाला छातीठोकपणे सांगते, अशा खेळाने संसार सुधारतो. माझा सुधारला. लेक परत गेली तरी हे तसेच, सतत माझ्या अवतीभवती.

परवाचीच गोष्ट. संध्याकाळची वेळ, मी ह्याच सोफ्यावर ह्या टोकाला बसून भाजी निवडत होते. हे समोर पेपर वाचत होते. पेपर खाली करून मला म्हणाले, "एक विचारू? ते 'येतो' म्हणाले, तेव्हा तुझ्याकडे बघत होते की माझ्याकडे? मला नीट कळलं नाही."

मी हसले. "अहो, काहीतरीच काय! दार बंद होतं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग लहान पोराची समजूत काढावी तसं म्हणाले, "हो, हो. बंद होतं." ह्यांनी पेपराची घडी घातली, उठले, आणि येऊन सोफ्याच्या मधल्या जागेवर बसले, अगदी मला खेटून. माझा हात हातात घेतला. आणि पलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाठ करून, मला झाकावं तसे बसून राहिले.